मिटलेलं झुडूप

सकाळी दहा वाजता आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत निळा दिवा लागतो. तो मी लावत नाही. बाराला पांढरा लागतो, संध्याकाळी पुन्हा निळा, मग अंधार. या वेळा माझ्या नवऱ्याने ठरवून ठेवलेल्या आहेत. त्याला जाऊन दीड वर्ष होत आलं, पण टायमरला हे कोणी कळवलेलं नाही. पहिले काही महिने दहाच्या ठोक्याला 'टक्' असा आवाज झाला की मी स्वयंपाकघरातून "चहा ठेवू का" असं विचारायची, आणि मग ओट्याला धरून उभी राहायची. टायमर काढून टाकणं दोन मिनिटांचं काम आहे. मला त्या आवाजाची भीती वाटते, आणि तो बंद करायचीही भीती वाटते.

तशी मी भित्री बाई नव्हे. इथल्या, या कानडी शहरातल्या, एका सरकारी कारखान्यात मी तीस वर्षं तपासणी विभागात काढली. यंत्राचा सुटा भाग टेबलावर यायचा, मी मापं घ्यायची आणि हिरवी किंवा लाल चिठ्ठी लावायची. लाल चिठ्ठी लागलेला भाग भंगारात जायचा. हाताखालच्या नव्या मुलींना मी सांगायची, दोनदा मोजा, पण दोनदा विचार करत बसू नका. निर्णय लांबवला म्हणून तो जास्त बरोबर ठरत नाही. या वाक्याचा मला फार अभिमान होता. नवरा एका संशोधन संस्थेत होता. आम्ही पुण्यात एकाच वर्गात शिकलेलो, त्यामुळे लग्नानंतरही 'अहो' काही जमलं नाही. तो म्हणायचा, "तू मला हिरवी चिठ्ठी लावलीस ती चुकून." मी म्हणायची, "अजून तपासणी चालू आहे."

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना त्याने मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटमध्ये ही चार फुटी टाकी आणली. समुद्र इथून एका रात्रीच्या बसवर, आणि हा गृहस्थ गॅलरीत फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवून ड्रमभर समुद्र तयार करत बसायचा. आम्हाला मूलबाळ नाही. टाकीला मी सवत म्हणायची, आणि तिच्यासाठी वेगळा इन्व्हर्टर आला तेव्हा दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

टाकीतला त्याचा जीव की प्राण म्हणजे एक गॉर्गोनियन. हे प्रवाळच, पण अंगठीतल्या पोवळ्यासारखं दगडी नाही. जांभळ्या, वाकणाऱ्या फांद्या, आत काळा लवचीक कणा, आणि फांदीभर खसखशीएवढी तोंडं. तोंडं उघडली की सगळ्या फांद्यांवर तपकिरी लव आल्यासारखी दिसते, मिटली की नुसती काटकी. मी त्याला झुडूप म्हणायची. "झाड नाही, प्राणी आहे," असं तो प्रत्येक वेळी न चुकता सांगायचा. वर्षातून दोन-तीनदा तो टाकीपाशी उभा राहून म्हणायचा, "झुडूप रुसलंय." मी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "मग काढ समजूत." आठ-दहा दिवसांनी रुसवा गेलेला असायचा. कसा गेला ते मी कधी विचारलं नाही.

समुद्रातून ओरबाडून आणलेलं काहीही त्याला घरात चालत नसे. टाकीत वाढलेल्याची फांदी, तिची पुन्हा फांदी, अशीच वंशावळ हवी. झुडूप दाट झालं की तो कलम करायला बसायचा आणि मला बॅटरी धरायला लावायचा. कात्रीने फांदी कापायची, बुडाची अर्धा इंच साल नखाने खरवडून काळा कणा उघडा करायचा, आणि तो कणा दगडाच्या चकतीला चिकटवायचा. साल चिकटवली तर कुजते, कणा चिकटवला तर फांदी धरते. टाकीत हात घालण्यापूर्वी त्याला साबण वर्ज्य असायचा, पण काम झालं की तो चंदनाच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा. आयुष्यभर त्याने दुसरा साबण वापरला नाही. घरात दोन माणसं आणि दोन साबणदाण्या, असा आमचा थाट होता.

टाक्या ठेवणाऱ्या या लोकांचा एक रिवाज आहे. झुडपाची पहिली चांगली फांदी विकायची नाही, ती ठेव म्हणून द्यायची, तीही लांब राहणाऱ्याला, ज्याची वीज वेगळी आणि पाणी वेगळं. आपलं झुडूप मेलं तर आपण मागितल्याबरोबर त्याने त्यातली फांदी परत द्यायची, आणि कसं मेलं हे विचारायचं नाही. माझ्या नवऱ्याने आपली ठेव देवनहळ्ळीच्या एका माणसाकडे दिली होती. त्याचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलंच, मराठी आणि कन्नड एकाच ताटात कालवून बोलणारं. शेत गेलं, तिथे प्लॉट पडले. घरामागे चकोत्याची, म्हणजे आपल्या पपनसाची, चार झाडं राहिली आणि त्यांच्या सावलीतल्या शेडमध्ये त्याच्या टाक्या. तो नवऱ्याला अण्णा म्हणायचा आणि मला अक्का. आमच्याकडे आला की पिशवीत दोन चकोते हमखास असायचे. इतकी चांगली फांदी फुकट देऊन टाकली म्हणून मी तेव्हा कुरकुर केली होती.

मग एका सकाळी निळा दिवा लागला तेव्हा नवरा टाकीसमोर जमिनीवर पडलेला होता. बाही दुमडलेली, हात ओला. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

हॉस्पिटलमध्ये तो अकरा दिवस यंत्रावर होता. माझा दीर पुण्याहून त्याच दिवशी आला. आत एका वेळी एकालाच सोडायचे, म्हणून आम्ही वेळा वाटून घेतल्या. सकाळी दीर जायचा, संध्याकाळी मी. दहाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवून समजावलं. परत येण्याची आशा नाही, यंत्र आणखी काही दिवस शरीर चालवेल, एवढंच. नियमाप्रमाणे डॉक्टरांच्या दोन वेगवेगळ्या मंडळांनी तपासलं आणि दोघांचं म्हणणं एकच आलं. दीर बाहेरच्या खुर्चीवर बसून म्हणाला, "वहिनी, आणखी चार दिवस थांबू या."

"चार दिवसांनी काय बदलणार आहे?" मी विचारलं.

मी त्याला कारखान्यातल्या मुलीसारखं विचारलं होतं, हे मला आता कळतं. अकराव्या दिवशी संध्याकाळी मी आत गेले, नवऱ्यावर वाकले आणि त्याच्या कानामागे नाक टेकवलं. तिथे त्याचा नेहमीचा वास होता. मग बाहेर येऊन सही केली. सही सरळ आली. सगळं आटोपल्यावर त्यांनी त्याच्या वस्तूंची गाठ मारलेली पिशवी माझ्या हातात दिली, ती मी घरी येऊन न उघडता माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी माझं टाकीकडे लक्ष गेलं. हॉस्पिटलच्या दिवसांत मी आंघोळीला घरी यायची तेव्हा त्यात आटलेल्या पाण्यापुरतं फिल्टरचं पाणी ओतायची, तेही अंदाजाने, कधी जास्त, कधी दोन दिवस नाहीच. झुडूप मिटलेलं होतं. सगळ्या फांद्या काटक्या, आणि वर मेणचट, राखाडी पापुद्रा. एके ठिकाणी पापुद्रा सुटून पाण्यात लोंबत होता. मला वाटलं, मांस सुटतंय. मी रोज बघत होते, ते रोज तसंच होतं. घरात माणसं भरलेली होती. एक वयस्कर चुलत सासूबाई म्हणाल्या, तेराव्याला घर धुवून घ्यायचं, तर त्या आत मेलेलं असेल ते काढून टाक. मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, मला कुणीतरी काम दिलं याचं बरं वाटलं.

बाराव्या दिवशी सकाळी मी पाण्यात हात घालून झुडूप चकतीसकट उपटलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलं. आमच्याकडे कचरा वेगळा करून द्यावा लागतो. मी दोन बादल्यांसमोर उभी राहून विचार करत होते, हे ओल्यात जाईल की सुक्यात. कचरा न्यायला येणाऱ्या बाईने पुडी उघडून पाहिली आणि विचारलं, "इदु एनम्मा?" हे काय म्हणून. मी म्हटलं, "समुद्रातलं झाड, मेलेलं." तिने ते हिरव्या बादलीत टाकलं आणि गाडी पुढे गेली. प्राणी आहे हे तिला सांगायला हवं होतं, असं उगीच मनात आलं, आणि मी हात धुतले.

महिन्याभराने देवनहळ्ळीचा माणूस भेटायला आला. सुतकात परक्याच्या घरी गर्दी करू नये म्हणून थांबलो, म्हणाला. दोन चकोते टेबलावर ठेवले, फोटोला हात जोडले आणि सवयीने टाकीकडे गेला.

"अक्का, झाड कुठं?"

मी सांगितलं. पापुद्रा, सुटलेलं मांस, तेरावा, सगळं. तो ऐकत उभा राहिला. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "वास बगितला का, अक्का?"

"कसला वास?"

"मेलं तर घाण वास येतो. घरभर येतो. बाहेर काढून नाकाला लावायचं, समुद्राचा वास आला तर जिवंत आहे म्हणायचं." विचारायचं नसतं हा रिवाज त्याने मोडला होता आणि ते त्याला कळलं होतं. पण मी त्याला सोडलं नाही, खोदून विचारलं. तेव्हा त्याने सांगितलं की हे असं मिटतं. अंगावर घाण साठली, पाणी बदललं, की तोंडं बंद करून मेणासारखी कात धरतं आणि स्वल्प दिवसांनी कात टाकून उघडतं. कधी आठ दिवस, कधी पंधरा. "अण्णा त्याला रुसलंय म्हणायचे. तुम्हाला ठाऊक असेल वाटलं मला."

मला ठाऊक होतं. बारा वर्षं तेच वाक्य मी ऐकत होते. वर्तमानपत्रात गुंडाळताना हाताला समुद्राचाच वास येत होता, हेही मला आठवलं. तो खाली मान घालून "सरी अक्का, येतो" म्हणाला आणि निघाला. मी दार लावलं, आणि मला आठवला तो दुसराच वास, नवऱ्याच्या कानामागचा.

त्यानंतर घर माझ्या अंगावर येऊ लागलं. दहाचा दिवा लागायचा आणि रिकाम्या दगडावर निळा उजेड पडायचा, जिथे झुडूप होतं बरोबर तिथेच, कारण दिव्याचा कोन नवऱ्याने झुडपासाठी वळवलेला होता. मी जिवंत गोष्ट कचऱ्यात टाकली होती. एकदा टाकली, की दोनदा? मी शिकलेली बाई आहे. माणसाचा मेंदू आणि झुडपाची कात यांचा काही संबंध नाही, हे मी स्वतःला रोज सांगायची. डॉक्टरांनी दोनदा तपासलं होतं. पण मिटलेलं होतं, हलत नव्हतं, आणि वास चांगला होता. दीर 'थांबू या' म्हणाला होता. मी नवऱ्याचे टॉवेल, चादरी, शर्ट हुंगत फिरायची, आणि कशालाच काही वास उरला नव्हता.

तीन महिन्यांनी मी देवनहळ्ळीची बस धरली. शेडमध्ये पाय ठेवला आणि समोरच्या टाकीत आमचं झुडूप उभं होतं. आमच्यापेक्षा मोठं, सगळी तोंडं उघडी, पाण्याबरोबर डुलणारं. मी काही बोलायच्या आत त्याने कात्री घेतली. सर्वांत जाड फांदी कापली, साल खरवडली, कणा चकतीला लावला. मी बॅटरी धरली, त्याने सांगितलं नव्हतं तरी. ठेव परत करताना त्याने एक अक्षर विचारलं नाही. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन मी कॅबने घरी आले.

त्या फांदीची मी नोकरी धरली म्हणा ना. पाण्याचा खारटपणा सकाळ-संध्याकाळ मोजायची, पाणी अंदाजाने ओतणं बंद. फांदी धरली, तिला बाजूने एक कोंब आला. चार-पाच महिने गेले. आणि एके दिवशी दहाचा दिवा लागला तेव्हा ती मिटलेली होती.

दुसऱ्या दिवशी पापुद्रा आला. मी देवनहळ्ळीला फोन केला. तो म्हणाला, "वास बगा, अक्का. आणि थांबा." मी फांदी बाहेर काढून नाकाला लावली, ओल्या शिंपल्यासारखा स्वच्छ वास होता. परत आत ठेवली. आठवा दिवस गेला, दहावा गेला. दीर दर रविवारी फोन करतो. त्याला मी सहज सांगितलं की फांदी मिटलीय, थांबलेय. तो "बरं" म्हणाला आणि लगेच पुण्याच्या पाण्याबद्दल बोलायला लागला. तोवर त्याने त्या खुर्चीवरचा विषय एकदाही काढला नव्हता. मीही नाही.

अकराव्या दिवशी मी दिवसभर टाकीसमोरून उठले नाही. मला खरं सांगायचं तर ती मेलेली निघावी असं वाटत होतं. कुजून घरभर वास सुटावा, म्हणजे थांबून काही होत नसतं, हे सिद्ध तरी होईल. असं वाटून मला माझीच किळस आली, पण वाटत होतं. बारा. तेरा.

चौदाव्या दिवशी दिवा लागल्यावर पापुद्र्याला चीर दिसली. नवरा वापरायचा ती रबरी फुग्याची नळी घेऊन मी पाण्याखालून हलकेच फवारा मारला. दुधावरची साय निघावी तशी कात निघाली आणि आत कोरी जांभळी साल होती. बाराचा पांढरा दिवा लागेपर्यंत सगळी तोंडं उघडली. मी स्टुलावर बसून मोठ्याने रडले. मग दिराला फोन लावला. रविवार नव्हता.

"वहिनी, काय झालं?"

"उघडली ती फांदी. चौदाव्या दिवशी."

दहावर चार, हा हिशोब त्यालाही येतो.

"तू चार दिवस मागितले होतेस," मी म्हणाले.

"वहिनी, ते झाड आहे."

"प्राणी आहे." माझा आवाज मलाच परका वाटला. "ऐक. सही करायच्या आधी मी त्याच्या कानामागे वास घेतला होता. चांगला वास होता, नेहमीचा. आणि मी बाहेर येऊन सही केली."

फोनमधून पुण्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत राहिले. मग त्याने विचारलं, "चंदनाचा का?"

"हो."

"साबण होता तो. मी तिथूनच नेला होता, तुमच्या न्हाणीघरातली त्याची वडी. रोज सकाळी नर्सबाईंना विचारून त्याचं तोंड पुसायचो, मान, कानामागे. आत औषधांचा वास यायचा ना. तू संध्याकाळी येणार, तुला तो तसा मिळायला नको म्हणून." मग तो म्हणाला, "त्याचा वास केव्हाच गेला होता, वहिनी. मला माहीत होतं. मीच उगीच चार दिवस मागत होतो."

"वडीचं काय केलंस?" मी विचारलं. तीस वर्षांची सवय, दुसरं काय.

"त्याच्याच सामानात ठेवली होती. त्या पिशवीत असेल."

फोन ठेवल्यावर मी स्टूल ओढलं आणि माळ्याखाली ठेवलं. दीर खोटं बोलत नाही. पण माझ्यासाठी बोलला असता, आणि उत्तर द्यायला त्याने वेळ घेतला होता. वर चढले. पिशवी होती तिथेच होती, पुढेच, हाताशी, गाठ तशीच. उघडायचीही गरज नव्हती. चंदनाची वडी असेल तर गाठीपाशी नाक नेलं की कळलं असतं. मी छातीभर श्वास घेतला, तो धरून ठेवला, आणि दोन्ही हातांनी पिशवी ढकलून माळ्याच्या पार आत, भिंतीपर्यंत सरकवली. मग खाली उतरले, टाकीपाशी आले, आणि तिथे श्वास सोडला.